चालत्या यंत्राला हात लावावा का?

गेल्या गणपतीतली गोष्ट. माझा भाचा दोन दिवसांसाठी आमच्याकडे आला होता. संगणकाच्या क्षेत्रातला मुलगा. तेव्हा तो घरात आला की त्याच्यापुढे आधी चहा ठेवायचा की रुसलेला प्रिंटर, असा प्रश्न आम्हांला नेहमीच पडतो. त्या दिवशी प्रिंटरची तब्येत ठीक होती. भाचा सहज म्हणून माझ्या मुलीच्या संगणकापुढे बसला, दोन-चार ठिकाणी डोकावला आणि म्हणाला, "मामा, या मदरबोर्डसाठी नवा बायोस आलाय. त्यात प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड आहे. टाकून देऊ का? दहा मिनिटांचं काम."

"अजिबात नको!" मी जवळजवळ ओरडलोच.

माझ्या घाबरण्याला कारण होते. त्या संगणकात मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध आहे. पाच वर्षांची मेहनत, आणि दिवाळी झाली की तो विद्यापीठात सादर करायचा आहे. अशा वेळी यंत्राच्या मेंदूतच कुणी फेरफार करू म्हणाला, तर बापाच्या काळजात धस्स होणारच. मी म्हणालो, "अरे, नीट चालतंय ना ते? मग चालत्या यंत्राला हात कशाला लावायचा?"

भाचा हसला. "मामा, ते नीट चालतंय हे तुम्हांला कशावरून कळलं?"

मला उत्तर सुचले नाही. तो परत गेला, पण प्रश्न मागे ठेवून गेला. पुढले पंधरा दिवस मी त्याच्याच मागे होतो. वाचले, विचारले, भाच्याला फोन करकरून भंडावले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण घरोघरी संगणक आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाच्या दारी येणार आहे.

आचाऱ्याची वही

मायक्रोकोड म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघरात डोकावले की पुरे. आपण आचाऱ्याला एवढेच सांगतो, "पुरणपोळी करा." पण त्या एका आज्ञेत किती लहान कामे दडलेली असतात! डाळ शिजवा, कट काढा, गूळ घाला, पुरण वाटा, कणीक तिंबा, लाटा, भाजा. आचारी हे सारे आपल्याला विचारत बसत नाही. त्याच्या वहीत ते लिहिलेले असते. "पाणी द्या" म्हटल्यावर मात्र त्याला वही उघडावी लागत नाही.

प्रोसेसरचेही तसेच आहे. सोप्या आज्ञा तो जडणीतच असलेल्या मार्गाने झटपट पार पाडतो. अवघड आज्ञांसाठी मात्र त्याच्या पोटात बारीकसारीक पायऱ्यांची एक वही असते. तीच मायक्रोकोड. ही कल्पना इंग्लंडातील केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडली, आणि पुढे तिथल्याच एडसॅक-२ या यंत्रात ती प्रत्यक्षात उतरली. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तिच्यातल्या बहुतेक यंत्रांत हीच युक्ती होती. एके काळी घराघरांत दिसणारी फ्लॉपी तबकडीसुद्धा मुळात मोठ्या यंत्रांत मायक्रोकोड भरण्यासाठीच आयबीएमने तयार केली होती आणि १९७१ साली बाजारात आणली होती.

आजच्या प्रोसेसरमध्ये ही वही सिलिकॉनवर कायमची कोरलेली असते. ती खोडता येत नाही. पण तिच्या शेजारी थोडी कोरी जागा ठेवलेली असते. एखादी कृती चुकीची निघाली, की कंपनी दुरुस्तीची चिठ्ठी पाठवते. ती त्या कोऱ्या जागेत बसते आणि प्रोसेसर जुने पान सोडून ती चिठ्ठी वाचू लागतो. गंमत अशी, की ही चिठ्ठी वीज जाताच पुसली जाते. दर वेळी संगणक सुरू होताना ती नव्याने द्यावी लागते. देणारे दोघे: एक मदरबोर्डवरचा बायोस, आणि दुसरी विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्यावरच सारे ठरणार आहे.

भागाकार चुकला!

प्रोसेसर चुकतो कधी? चुकतो. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक अविभाज्य संख्यांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या बेरजा जुळेनात. पुष्कळ शोधाशोध केल्यावर त्यांनी गुन्हेगार पकडला. तो होता इंटेलचा नवाकोरा पेंटियम प्रोसेसर. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले, तर उत्तर १.३३३८२ असे सुरू व्हायला हवे. पेंटियम सांगे १.३३३७३. भागाकारासाठी प्रोसेसरच्या पोटात एक कोष्टक होते, त्यातल्या काही नोंदी गळाल्या होत्या, एवढीच चूक.

त्या प्रोसेसरात दुरुस्तीच्या चिठ्ठीची सोय नव्हती. अखेर डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले, की मागेल त्याला प्रोसेसर बदलून मिळेल. साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका बसला. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड बदलण्याची सोय होती.

या गोष्टीत मला चटका लावणारी बाब निराळीच आहे. त्या काळात किती तरी लोक पेंटियमवर काम करीत होते, आणि "यंत्र नीट चालतंय" असेच म्हणत होते! यंत्र बंद पडत नव्हते, कुरकुरत नव्हते. ते फक्त क्वचित कधी चुकीचे उत्तर देत होते.

दुरुस्ती आली, पण गाजावाजा नाही

दुसरी गोष्ट अलीकडची. पॅरिसचे संशोधक झेव्हिए लरॉय हे ओकॅमल या संगणकीय भाषेचे एक जनक. २०१६ साली एका कंपनीने त्यांना कळवले, की या भाषेत लिहिलेले आमचे कार्यक्रम मधूनच कोसळतात. लरॉय यांना आधी त्या कंपनीच्या यंत्रांतल्या मेमरीचाच संशय आला. पण कोसळणाऱ्या साऱ्या यंत्रांत एकच साम्य निघाले: सगळ्यांत स्कायलेक जातीचा इंटेल प्रोसेसर. एका गाभ्याकडून दोघांचे काम करून घेण्याची हायपरथ्रेडिंग नावाची जी सोय असते, ती बंद केली की कोसळणे थांबे.

हा दोष प्रोसेसरचाच होता. २०१७ च्या वसंतात तो कंपनीच्या दोषयादीत एका नोंदीच्या रूपाने आला आणि काही प्रोसेसरांसाठी दुरुस्त मायक्रोकोडही निघाला. पण दवंडी कुणी पिटली नाही. ती पिटली डेबियन या लिनक्स मंडळींनी, जून २०१७ मध्ये. आपल्या वापरकर्त्यांना त्यांनी स्पष्ट इशारा दिला: मायक्रोकोड बदला, नाही तर हायपरथ्रेडिंग बंद ठेवा.

ही हकीकत वाचली, आणि भाच्याला फोन करून म्हणालो, "तुझंच खरं. टाकून दे तो मायक्रोकोड."

"थांबा मामा," तो म्हणाला, "आता २०१८ सालचं वाचा."

औषधानेच आजार

३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोन दोषांची बातमी जगभर पसरली. आजचे प्रोसेसर मोठे उतावळे असतात. नेहमीच्या हॉटेलातला पोऱ्या जसा आपल्याला पाहताच न सांगता चहा घेऊन येतो, तसा प्रोसेसर पुढच्या आज्ञेचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेले काम टाकून देतो. पण टाकलेल्या चहाचे डाग मागे राहतात, आणि त्या डागांवरून दुसऱ्याची गुपिते ओळखता येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले. ब्राउझरमधूनही हा डाव साधता येतो, हेही दाखवले.

मोठी धावपळ उडाली. अंदाजाला लगाम घालणारे मायक्रोकोड घाईने बाहेर पडले. आणि काही दिवसांतच तक्रारी येऊ लागल्या: नवा मायक्रोकोड घातलेले संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत आहेत! २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले, की हा मायक्रोकोड वाटणे तूर्त थांबवा. काही संगणक कंपन्यांनी दिलेले बायोस मागे घेतले. महिनाअखेर मायक्रोसॉफ्टला त्या लगामाचा काही भाग बंद करणारा वेगळा कार्यक्रम काढावा लागला. कारण अशा अवचित बंद पडण्यात माहिती गहाळ किंवा खराब होण्याचा धोका होता. सुधारलेले मायक्रोकोड आले ते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

म्हणजे पहा, ज्याने पहिल्याच आठवड्यात उत्साहाने चिठ्ठी बसवली, त्याला त्रास झाला. जो महिना-दीड महिना थांबला, तो सुटला. मी सुस्कारा सोडला. "म्हणजे थांबणंच बरं!"

"आता २०२४," भाचा म्हणाला.

थांबण्याची किंमत

२०२४ साली टेबलावरच्या संगणकांत बसणारे इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही ताकदवान प्रोसेसर वारंवार कोसळू लागले. विशेषतः खेळ खेळणाऱ्या मुलांनी ओरड केली. जुलैमध्ये कंपनीने सांगितले, की प्रोसेसर स्वतःसाठी विजेचा दाब जरुरीपेक्षा जास्त मागतो आहे, आणि ती चुकीची मागणी मायक्रोकोडमधून येते आहे. ऑगस्टमध्ये तो दाब आवरणारा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये आणखी एक. मदरबोर्डच्या कंपन्यांनी ते बायोसमधून पोचवले. हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवून दिली.

पण एक गोष्ट कंपनीने लपवली नाही. ज्या प्रोसेसरला इजा झाली आहे, तो या मायक्रोकोडने बरा होणार नाही. चिठ्ठी पुढली इजा टाळील; झालेली भरून काढणार नाही. इथे "चालत्या यंत्राला हात कशाला?" म्हणणाऱ्याचे यंत्र रोज थोडे थोडे झिजत होते, आणि त्याला पत्ताही नव्हता.

२०१८ साली थांबणारा शहाणा ठरला. २०२४ साली थांबणाऱ्याचे नुकसान झाले. मग आपल्यासारख्या सामान्य माणसाने धरावे तरी कोणते सूत्र?

वही आपल्याला वाचता येत नाही

त्यात आणखी एक अडचण. औषधाच्या बाटलीवर घटक तरी छापलेले असतात. मायक्रोकोडच्या चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे आपल्यासारख्या सामान्य माणसाला वाचता येत नाही. तिच्यावर कंपनीची गुप्त मोहोर असते आणि प्रोसेसर ती मोहोर तपासूनच चिठ्ठी स्वीकारतो. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारी मंडळी विचारतात, की जे वाचता येत नाही ते आपल्या यंत्रात का घ्यावे? डेबियन संघटनेत या विषयावर २०२२ साली रीतसर मतदान झाले. अशी बंद सॉफ्टवेअरेही लागतील तिथे अधिकृत स्थापनासंचातून द्यावीत, असा कौल मिळाला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तशी व्यवस्था झाली.

मोहोरेचाही भरवसा किती? २०२५ साली गूगलच्या संशोधकांनी जाहीर केले, की एएमडीच्या झेन जातीच्या प्रोसेसरांत ती तपासण्याची रीत कच्ची आहे. त्यांनी स्वतःची चिठ्ठी बसवून दाखवली. तिच्यामुळे यदृच्छेने कोणताही आकडा द्यायचा, ते सोडून प्रोसेसर दर वेळी "४" हाच आकडा देऊ लागला! असा खोडसाळपणा करायला यंत्रावर आधी पुरता ताबा मिळवावा लागतो, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण धडा घ्यावा तो एवढाच: चिठ्ठी घ्यायची ती मदरबोर्डच्या वा संगणकाच्या मूळ कंपनीकडून, नाही तर कार्यप्रणालीच्या नेहमीच्या मार्गाने. कुणी तरी कुठे तरी ठेवलेली फाइल उतरवून घेऊ नये.

आणि वेगाचे काय? काही चिठ्ठ्या वेग खातात, हे खरे आहे. २०२३ च्या डाउनफॉल नावाच्या दोषावर जो मायक्रोकोड निघाला, त्याने काही अवजड कामांचा वेग निम्म्यापर्यंत घटू शकतो, असे इंटेलनेच सांगितले होते. पण ती कामे म्हणजे मोठमोठी शास्त्रीय गणिते वगैरे. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे, प्रबंध टंकलिखित करणे, यांत फरक जाणवण्याचा संभव फार थोडा.

तीन प्रश्न

इतके सारे ऐकून घेतल्यावर माझी मुलगी, जी आतापर्यंत गप्प होती, ती म्हणाली, "बाबा, प्रबंध माझा आहे. ठरवायचं मीच ना?" आणि तिने कागद ओढून तीन प्रश्न लिहिले. आमच्या पंधरा दिवसांच्या खटाटोपाचे सार त्या तीन ओळींत उतरले, म्हणून ते जसेच्या तसे देतो.

पहिला प्रश्न: ही चिठ्ठी कशासाठी आहे? बायोससोबत कंपनी टिपण देते, ते वाचावे. प्रोसेसरची झीज थांबवण्यासाठी किंवा चुकीची उत्तरे टाळण्यासाठी असेल, तर उशीर महागात पडतो. दोन-चार दिवसांत काम उरकावे. आपल्या यंत्रात नसलेल्याच एखाद्या सोयीसाठी असेल, तर घाई नाही.

दुसरा प्रश्न: ही चिठ्ठी बाहेर पडून किती दिवस झाले? सुरक्षिततेची असेल आणि नुकतीच आली असेल, तर दोन-तीन आठवडे इतरांचा अनुभव पहावा. पण "पाहू" म्हणून विसरून जाऊ नये. थांबायचे तर तारीख घालून थांबावे. तारखेविना थांबणे याला निर्णय म्हणत नाहीत. त्याला आळस म्हणतात.

तिसरा प्रश्न: मागे फिरता येईल का? इथे मघाचा मुद्दा आठवा. कार्यप्रणालीने दिलेली चिठ्ठी वीज जाताच पुसली जाते. ती नकोशी झाली, तर पुढच्या खेपेला न दिली की झाले. बायोसचे तसे नाही. तो मदरबोर्डवर लिहिला जातो. लिहिता लिहिता दिवे गेले, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. आणि आपल्याकडे दिवे केव्हा जातील याचा नेम नाही! म्हणून यूपीएस जोडलेला असल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये. काही मदरबोर्ड जुन्या बायोसकडे परत फिरू देत नाहीत. शिवाय बायोस बदलल्यावर विंडोज कधी कधी बिटलॉकरची लांबलचक किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

आणि या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक काम, ज्याला प्रश्नच नाही: जे गमावणे परवडणार नाही, त्याची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ती उघडून पहा. न उघडलेली प्रत म्हणजे नुसते समाधान.

तारीख

आमच्या घरात शेवटी काय झाले? मुलीने प्रबंधाच्या दोन प्रती केल्या. एक पेनड्राइव्हवर, तो तिच्या आत्याकडे ठेवला. दुसरी इंटरनेटवरच्या साठवणीत. दोन्ही दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहिल्या. टिपण वाचले, चिठ्ठी सुरक्षिततेची होती, झिजेची नव्हती, आणि बाहेर पडून दोन महिने होऊन गेले होते. तिच्या संगणकावर लिनक्स आहे. त्यातून नवा मायक्रोकोड त्याच संध्याकाळी घेतला. सुरू होताना यंत्राने नवा क्रमांक दाखवला. त्यानंतर आजवर ते एकदाही कुरकुरलेले नाही.

"आणि बायोस?" मी विचारले.

"तो प्रबंध दिल्यावर," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, प्रबंध सादर करण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाला तिने लाल शाईने गोल केला. भाच्याला त्या दिवशी जेवायला बोलावले आहे. येताना यूपीएस घेऊन येईन म्हणाला आहे.

आता माझा तो जुना प्रश्न, "चालत्या यंत्राला हात कशाला लावायचा?", मी विचारीत नाही. यंत्र चालते आहे एवढ्याने ते नीट आहे असे ठरत नाही, आणि चिठ्ठी नवी आहे एवढ्याने ती चांगली आहे असेही ठरत नाही. हात लावणे हा जसा निर्णय आहे, तसा न लावणे हाही निर्णयच आहे. दोन्हींची जोखीम आपल्याच पदरात पडते. मग ती डोळे उघडे ठेवून, तारीख घालून आणि दुसरी प्रत कपाटात ठेवून घ्यावी, हे बरे.